झाकून ठेवलेलं सूप

तीर्थरूप आईस, लेकीचा नमस्कार.

छकुलीचा ताप उतरला, हे आधी सांगते. तुझे गुडघे कसे आहेत?

रक्ताच्या कर्करोगाचं औषध चालू आहे तोवर तिला उरलेलं काही भरवायचं नाही, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. पण अन्न टाकणं पाप, हे तू हाडीमासी भिनवलेलं. परवा दुपारचं सूप झाकून ठेवलं नि संध्याकाळी भरवलं.

"ताजंच ना, ताई?" नर्सबाईंनी विचारलं.

"आत्ताचंच," मी म्हटलं.

सकाळी पोर तापाने फणफणली. मग डॉक्टरांना खरं सांगितलं. "त्यानेच ताप आला असं नाही," ते म्हणाले. तरी मला माझीच शिसारी येते. वाटीभर सुपासाठी खोटं बोलले!

आता उरलेलं सगळं केरात ओतते. ओतताना अजून पापच वाटतं आणि, आई, तुझा राग येतो.

तुझीच,
धाकटी