एक कुटुंब, एक काचघर

६ डिसेंबर

संचालकांनी आज आमच्या वनस्पती उद्यानाच्या हिवाळी उपक्रमांचं घोषवाक्य जाहीर केलं — 'एक कुटुंब, एक काचघर'! बैठकीत बसल्या बसल्या सुचलं म्हणे. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढेच हात गरम झाले, कारण ऑफिसातला हीटर बंद आहे. ऑर्किडच्या दालनातला मात्र चालू. बरोबरच आहे. तिकीट काढून आम्हाला बघायला कोण येणार?

कुटुंब विभाग म्हणजे मी. एकटी. पानांचे ठसे, बाटलीतली बाग, गोष्टींची दुपार — सगळं माझ्या गळ्यात. "तुम्हाला मुलांची आवड आहे ना," संचालक म्हणाले.

आहे हो. फार आहे. मूल तेवढं नाही.

८ डिसेंबर

सासूबाई आल्या. त्यांच्या गावी थंडी फार, म्हणून हिवाळाभर मुक्काम आमच्याकडे. नवऱ्याने मला हे काल संध्याकाळी सांगितलं, बल्ब आणायचा राहिलाय अशा आवाजात.

दारातच म्हणाल्या, "बारीक झालीस." ही काळजी नव्हती. निकाल होता.

११ डिसेंबर

नवऱ्याशी पुन्हा तेच. मूल दत्तक घ्यायचं म्हणून संस्थेचा अर्ज मी उन्हाळ्यातच भरला. त्यावर त्याने सही केली — कुरिअर घेताना करतात तशी, न वाचता. आता संस्थेच्या बाई घरी येऊन घरातल्या सगळ्यांशी बोलणार. म्हणजे सासूबाईंशीही! आणि सासूबाईंना अजून यातलं काही माहीत नाही.

"सांगू," नवरा म्हणाला. "योग्य वेळ बघून."

या माणसाची योग्य वेळ अजून एकदाही उगवलेली नाही. दाढ काढायलासुद्धा नाही.

१४ डिसेंबर

शेवटी मीच सांगितलं. चहा पिताना.

सासूबाईंचा कप बशीवर वाजला. "कुणाचं, कुठलं, काय माहीत? आणि ती बाई घरात येऊन चौकशा करणार? आपलं सगळं तिच्यापुढे उघडं करायचं?"

"आपल्याकडे उघडं करण्यासारखं आहे काय, आई? कपाटात जुनी रद्दी आहे फक्त."

"तुला सगळ्याची थट्टाच सुचते."

नवरा पडदा नीट करत होता. पडदा नीटच होता.

१५ डिसेंबर

अबोला. घर कसं शांत आहे! लोक यासाठी डोंगरावर जातात.

२० डिसेंबर

"आईला घरात फार गारठा लागतो, तुझ्याबरोबर काचघरात ने ना," नवरा म्हणाला. म्हणजे अबोलाही आता कामावर घेऊन जायचा.

त्यांना केळीच्या झाडाखालच्या बाकावर बसवलं, शाल दिली आणि मी ठशांच्या टेबलाकडे गेले. नेहमीचंच दृश्य. मुलं कंटाळलेली, आणि आईबाप जीव तोडून पानांना रंग फासताहेत. एक वडील तर मुलाचे हात बाजूला सारून स्वतःच ठसा उमटवत होते, दुसऱ्या हाताने फोटो काढत.

एवढ्यात मागून आवाज आला, "अहो, त्याला करू द्या की! ठसा त्याचा की तुमचा?"

सासूबाई! बाक सोडून आलेल्या. त्या वडिलांनी निमूटपणे ब्रश मुलाच्या हातात दिला. हे वाक्य किती हिवाळे माझ्या जिभेवर आहे. पण मी पगारी, मला पाहुण्यांशी सौजन्याने वागावं लागतं. सासूबाईंवर असलं बंधन कधीच नव्हतं.

दुपारपर्यंत टेबल त्यांच्या ताब्यात. सगळे बापलोक सरळ रांगेत.

संचालकांनी विचारलं, "या कोण? स्वयंसेवक?"

"सासू."

"उत्तम! एक कुटुंब, एक काचघर!"

घरी आल्यावर त्यांची बोटं हिरवी होती. साबणाने घासत बसल्या नाहीत. मी लोकांच्या पोरांना दिवसभर पानं पुरवते. माझ्या तोंडाला बहुतेक संस्था पानं पुसणार.

२७ डिसेंबर

आज तुफान गर्दी. बाहेर कडाका, त्यामुळे अख्ख्या शहराला अचानक निसर्गप्रेमाचं भरतं आलेलं. काचा वाफेने पांढऱ्या. गोष्ट ऐन रंगात आली आणि एक बाई ओरडत आल्या — मुलगी हरवली! लाल बूट, तीनेक वर्षांची. मी माईकवरून सांगितलं, नेच्यांचं दालन पालथं घातलं, तळ्याच्या कठड्याशी वाकून पाहिलं.

मुलगी केळीखाली सापडली. सासूबाईंच्या मांडीवर. त्या शालीच्या टोकाने तिचं नाक पुसत होत्या.

"रडू नाही गं. मी आहे ना. मी कुठ्ठे जात नाही."

हा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. या घरात मला इतकी वर्षं झाली, एकदाही नाही.

आईने मुलीला ओढून घेतलं. तिची मूठ शालीतून सुटेना. सासूबाईंनी एकेक बोट हळूच सोडवलं, आणि मग मोकळी मांडी तशीच धरून बसून राहिल्या.

बसमध्ये मला वाटलं, आता बोलावं. "आई, असंच एखादं आपल्याकडे —"

"तो विषय नको."

मग माझाही तोल गेला. "लोकांच्या मुलांना मांडी, आणि आमचं येणार म्हटलं की कुणाचं, कुठलं! त्या लाल बूटवालीला विचारलंत का?"

सगळी बस ऐकत होती. सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. काचेवर वाफ होती, बाहेरचं काहीही दिसत नव्हतं.

"तुला नाही कळायचं," एवढंच म्हणाल्या.

कळेल कसं? मी फक्त सून.

३ जानेवारी

संस्थेचा फोन. त्या बाई आठ तारखेला येणार.

नवऱ्याला म्हटलं, "तू तरी आईंशी बोल."

"आईला दुखवायचं नाही मला."

"आणि मला?"

तो उशीचा अभ्रा सारखा करायला लागला.

"मूल नको असेल तर तसं सांग ना! मी संस्थेला कळवते."

"नको असं नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. हा माणूस मागे रडला होता तो पाय फ्रॅक्चर झाला तेव्हा. "फक्त आईसमोर नको. तिला त्रास होईल. तुला कसं सांगू?"

कसंही सांग! तोंड दिलंय ना देवाने? पण तो उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागला. सुंदर घड्या घालतो. मुलाच्या झबल्यांच्याही छान घातल्या असत्या.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

७ जानेवारी

उद्या. मी फरशी पुसली, पुस्तकांवरची धूळ झटकली, नवऱ्याला नीट शर्ट काढून दिला. सासूबाई जेवल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या माझं डोकं दुखेल बहुतेक. मी खोलीतच पडून राहीन."

डोकेदुखीचं आगाऊ बुकिंग! संचालकांना कळवायला हवं.

८ जानेवारी

सासूबाई खोलीतून आपण होऊन बाहेर आल्या. संस्थेच्या बाईंनी विचारलं, "आजी, दुसरीकडून आलेलं मूल तुम्ही आपलं मानाल?"

त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "ह्याला मानलंच की. मुठीएवढा होता, आणला तेव्हा." आणि त्याच्याकडे वळून, "तुला कळू नये म्हणून नको नको म्हणत होते रे."

"मला माहीत आहे, आई. शाळेत असल्यापासून. मावशी बोलून गेली होती." नवरा आईजवळ जाऊन बसला. "मला माहीत आहे हे तुला कळू नये, म्हणून मी गप्प होतो."

संस्थेच्या बाईंचं पेन थांबलं. माझ्याजवळ एकही टोमणा नव्हता.

सासूबाईंनी डोळे पुसले. खुर्ची पुढे ओढली. "बरं," त्या बाईंना म्हणाल्या, "केव्हा आणायचं?"