प्रतिपक्षाच्या औषधाची तरतूद

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त वजनमाप निरीक्षक, ही माझी शेवटची इच्छा राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवते. दडपण आणण्याचा प्रयत्न झाला नाही, असे मात्र नाही. चिरंजीवांनी तो दोन रविवार केला. माझ्या अक्कलहुशारीबद्दल शंकाही त्यांनाच असल्यामुळे आमच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाची एक झडप निकामी होत आली आहे आणि डोके शाबूत आहे, असा त्याचा सारांश. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच, तर ते खोटे समजावे.

या मजकुरात एकाही माणसाचे नाव नाही. सर्वांची नावे, पत्ते व नाती वकिलांकडच्या सीलबंद जोडपत्रात आहेत. वकिलांनी कपाळाला हात लावला, पण माझी सवय जुनी आहे. इंटरनेटवरच्या ज्या चर्चामंडळावर मी निवृत्तीनंतरची बहुतेक वर्षे घालवली, तिथे कोणीच खऱ्या नावाने लिहीत नाही. मला तिथे 'काटा' म्हणतात. मी ते टोपणनाव तराजूच्या काट्यावरून घेतले होते. लोकांनी काय अर्थ घेतला तो त्यांनाच विचारावा.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरील राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, हे माझ्या मागे चिरंजीव व सूनबाई या दोघांच्या मालकीचे होईल, निम्मे-निम्मे. चिरंजीवांनी "तिच्या नावावर वेगळं कशाला, घर एकच आहे ना?" असे विचारले होते. एकच आहे म्हणूनच. हे घर यजमानांच्या आणि माझ्या अशा दोन पगारांतून झाले, पण कागदावर कितीतरी वर्षे एकच नाव होते आणि ते माझे नव्हते. यजमान छापखान्यात जुळारी होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून जुळवून त्यांना उलटी अक्षरे आपल्याला सुलट दिसतात तितकी सहज वाचता येत. मी संगणकापुढे बसून कोणाशी तरी भांडत असले की ते ताट वाढून घेऊन यायचे आणि म्हणायचे, "भांडायचं तर जेवून भांड. उपाशीपोटी मुद्दे कच्चे राहतात." ते गेल्यानंतर मी बरेच कच्चे मुद्दे मांडले आहेत.

कलम २. लाकडी पेटीतील पितळी प्रमाण वजनांचा संच सूनबाईंना द्यावा. कार्यालयाने तो बाद केल्यावर मी लिलावात रीतसर घेतला. पावती पेटीतच आहे. सूनबाई शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात. वजने चिमट्याने उचलावीत, हे त्यांना सांगायला नको. वर्गात मुलांच्या हाती द्यायला माझी ना नाही, फक्त आधी हात पुसायला लावावेत.

याच पेटीच्या जोरावर मी एका बड्या व्यापाऱ्याच्या पारड्याखालचे लोहचुंबक पकडले होते. त्याचे बक्षीस म्हणून माझी बदली झाली. बदलीच्या हुकमावर सही करणारे साहेब अजून हयात आहेत. त्यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. घरी आले तर पाणी विचारावे.

कलम ३. संगणक भंगारात द्यावा. मंडळावरचे माझे खाते बंद करावे आणि त्यावरून माझ्या निधनाची बातमी कोणी टाकू नये. मंडळावर 'दीपस्तंभ' नावाचे एक गृहस्थ आहेत. पाणीपट्टीच्या वादात आकडे संपल्यावर त्यांनी माझ्या लिखाणाला "रिकामटेकड्या आजीबाईंचा विरंगुळा" म्हटले होते. त्यांना मी क्षमा केलेली नाही. टक्के आणि टक्केबिंदू यांतला फरक त्यांना अजून कळलेला नाही, आणि तो समजावून देण्याची जबाबदारी मी कोणावरही टाकत नाही.

बाकी मंडळाने मला भरभरून दिले. पाणीपट्टी, बसभाडे, लसी, अणुवीज, किमान वेतन, साखरेवरचा कर. ज्यांची तोंडे कधी पाहिली नाहीत अशा माणसांशी मी या विषयांवर जितके बोलले, तितके चाळीस वर्षांच्या नोकरीत आणि संसारात मिळून बोलले नसेन. नोकरीत मला मत विचारत नसत, माप विचारत.

कलम ४. माझ्या बँकेतील मुदत ठेवी, बचत खात्यातील शिल्लक व पोस्टातील प्रमाणपत्रे, म्हणजे घर सोडून माझी सर्व पुंजी, मंडळावर 'उंटावरचा' या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थाच्या औषधोपचारासाठी द्यावी. रक्कम त्याच्या हाती न देता औषध जसे लागेल तशी थेट रुग्णालयात भरावी. हे काम सूनबाईंनी पाहावे. त्यांनी ते स्वीकारले आहे.

हे वाचून जे कोणी न्यायालयात जायच्या विचारात असतील, त्यांच्यासाठी खुलासा करते.

स्वतःला 'उंटावरचा' म्हणवून घेणारा माणूस निदान स्वतःवर हसू शकत असेल, म्हणून मी त्याचे लिखाण वाचायला लागले. त्याचे एकही मत मला पटले नाही. तो न्यायालयात लघुलेखक आहे. दिवसभर दुसऱ्यांचे वाद उतरवून घेतो आणि घरी येऊन स्वतःचे करतो. अकरा वर्षे आम्ही भांडतो आहोत. त्याने कधी मुद्दा सोडून माणसावर घसरल्याचे मला आठवत नाही, आणि माझी एखादी चूक त्याच्या नजरेतून सुटल्याचेही आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी सरकारच्या औषध समितीने एक महागडे औषध मोफत यादीत घालावे का, यावर लोकांच्या सूचना मागवल्या. स्नायू हळूहळू निकामी करणारा एक दुर्मीळ आजार आहे. आधी हात जातात, मग पाय, मग श्वास. औषधाने आजार बरा होत नाही, पण आहे तिथे थांबतो. मी विरोधात लिहिले. एका रुग्णाच्या एका वर्षाच्या औषधात किती बालकांचे लसीकरण होते आणि त्यामुळे त्यांतली किती जगतात, याचे कोष्टक मांडले.

उंटावरच्याने लिहिले, "माणसाला तराजूत घालणारं सरकार उद्या कोणालाही पारड्यातून खाली उतरवेल."

मी लिहिले, "तराजू नसतो तेव्हाही माणसं खाली पडतातच. ती कोणाला दिसत नाहीत, एवढंच."

महिनाभर हे चालले. माझे निवेदन मी समितीला पाठवले. समितीने औषध नाकारले. ते माझ्यामुळे नाकारले असे समजण्याइतकी मी मोठी नाही, पण त्यांच्या निर्णयात माझे एक वाक्य जसेच्या तसे उतरले होते. ते वाक्य आजही बरोबर आहे. या मृत्युपत्राने मी ते मागे घेत नाही, हे न्यायालयाने ध्यानात ठेवावे.

निर्णयानंतर उंटावरच्याचा खासगी निरोप आला. "कोष्टकात एक दुरुस्ती करा. हे औषध दर पंधरवड्याला लागत नाही, तीन आठवड्यांनी लागतं."

मंडळाच्या शिरस्त्याप्रमाणे मी विचारले, "स्रोत?"

उत्तर आले, "माझा डावा हात."

खाली छायाचित्र होते. नुसता हात, त्यात सुई, मागे रुग्णालयाची चादर. मी पुरावा मागितल्याशिवाय राहत नाही हे त्याला माहीत असल्यामुळे रुग्णालयाचा कागदही जोडला होता. मी दुरुस्ती केली आणि गणित पुन्हा केले. खर्च कमी झाला, पण निर्णय बदलावा इतका नाही. मी ते गणित पुन्हा पुन्हा करून पाहिले. कुठेतरी माझी चूक निघावी असे आयुष्यात पहिल्यांदा वाटत होते. ती निघाली नाही.

त्या दिवशी मी त्याला फोन केला. आमचे प्रत्यक्ष बोलणे तेवढे एकदाच झाले. आवाज माझ्या मुलाच्या वयाचा निघाला. मी विचारले, "महिनाभर वाद चालला होता, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गप्प बसला असतात."

"बसलेच असते."

"मग तो वाद कसला? ती दया झाली."

औषध सध्या कसे चालले आहे, असे विचारले. त्याने आधी स्कूटर विकली होती, मग बायकोचे दागिने. आता राहत्या जागेवर कर्ज काढायचे चालले होते. मी म्हटले, "पैसे मी देते."

"नको."

"परत करायचे नाहीत."

"म्हणूनच नको. तुमच्याकडून औषध घेतलं, की पुढच्या वेळी तुमचं चुकलं तरी मी मान डोलावणार. मग तुमच्याशी भांडणार कोण? दीपस्तंभ?"

आम्ही दोघेही हसलो. मग मी म्हटले, "अहो, जीव महत्त्वाचा."

"तुमच्याच कोष्टकात बघा," तो म्हणाला, "किती महत्त्वाचा ते." हे तो टोचून बोलला नाही. टोचून बोलला असता तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर मी निरोप पाठवून पुन्हा दोनदा विचारले, दोन्ही वेळा नकार आला. फोनच्या दुसऱ्याच दिवशी तो मंडळावर बसभाड्यावरून माझ्याशी नेहमीसारखा भांडत होता. हल्ली त्याच्या लिखाणात टंकनाच्या चुका वाढल्या आहेत. त्या कशामुळे वाढल्या असतील हे मला कळते. मंडळावर बाकी कोणाला कळत नाही, आणि दीपस्तंभ त्या चुकांची थट्टा करतात. मी जिवंत असेपर्यंत तो माझा पैसा घेणार नाही. मी गेल्यावर भांडायला समोर कोणी उरणार नाही, म्हणजे त्याची अडचणही उरणार नाही. म्हणून ही तरतूद मृत्युपत्रात आहे. या मृत्युपत्राबद्दल त्याला काहीही माहीत नाही. त्याची ओळख वकिलांनी रुग्णालयात जाऊन खात्री करून घेतली आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांची मापे तपासली, तेव्हा स्वतःच्या बाबतीत हयगय केलेली नाही.

कलम ५. चिरंजीवांच्या हरकती. त्या मी दडपल्या असे कोणी म्हणू नये, म्हणून इथे नोंदवते.

पहिल्या रविवारी ते म्हणाले, "आई, तू त्याला पाहिलेलंसुद्धा नाहीस." हे खरे आहे. पण ज्यांना रोज पाहिले, त्यांच्यातल्या किती जणांनी माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, हा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यावर ते उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या रविवारी ते तयारीने आले. माझे समितीला दिलेले निवेदन त्यांनी छापून आणले होते, खाली लाल रेघा मारून. म्हणाले, "तूच लिहिलंयस, की हा पैसा इथे घालणं म्हणजे तो वाया घालवणं आहे. सरकारने केलं तर चूक आणि तू केलंस तर पुण्य?" माझ्या मुलाने माझे काहीतरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले, असे हे पहिलेच. मला राग येण्याऐवजी भरून आले. मी उत्तर दिले, "सरकारच्या खिशात सगळ्यांचे हात असतात. माझ्या खिशात माझा एकटीचा." हे उत्तर मला स्वतःला अर्धेच पटले आहे. मंडळावर दिले असते, तर उंटावरच्याने त्याची साल काढली असती.

सूनबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "आई, तुम्हाला त्याचा लळा लागलाय, असं सरळ सांगा ना." तर सरळ सांगते. मला त्याचा लळा लागला आहे. यजमान गेल्यावर घरात बोलायला कोणी नव्हते, आणि त्या वर्षी तो माझ्या प्रत्येक लेखाला उत्तर देत होता. यजमान गेल्याचे त्याला माहीत नव्हते. त्याला फक्त माझे म्हणणे चूक वाटत होते.

चिरंजीवांना पैशाची गरज नाही, देवाच्या दयेने नोकरी चांगली आहे. त्यांचा राग पैशाचा नाही, हेही मला समजते. त्यांच्यासाठी मी वेगळे पत्र ठेवलेले नाही. जे आहे ते इथेच आहे: बाळा, तू त्या रविवारी छान बोललास. तेव्हाच सांगायला हवे होते.

कलम ६. उंटावरच्याने माझा पैसा नाकारला, तर ती संपूर्ण रक्कम बालकांच्या लसीकरणासाठी द्यावी, माझ्या कोष्टकाप्रमाणे, त्याच हिशेबाने. किती बालके जगली असतील, याचा अंदाज दरवर्षी काढावा आणि त्याची एक प्रत उंटावरच्याला पोस्टाने पाठवावी. हे काम चिरंजीव आवडीने करतील.

वकिलांनी विचारले, हा असला क्रूरपणा कशासाठी? तर त्याने नकार दिला, म्हणजे माझे गणित जिंकले. त्याने औषध घेतले, म्हणजे सगळा हिशेब समजत असूनही मी एका माणसाला पारड्यातून खाली उतरवू शकले नाही, हे कायमचे कागदावर राहील. म्हणजे तो जिंकला. मधला मार्ग मी ठेवलेला नाही. अकरा वर्षांत मी त्याला एवढे ओळखले आहे, की तो एक वेळ मरण पत्करील, पण मला जिंकू देणार नाही. त्याच्या या हटवादीपणावर मी माझी सारी पुंजी लावली आहे.

वकिलांनी या मृत्युपत्राची प्रत त्याला द्यावी आणि पुढचा मजकूर त्याने स्वतः वाचावा.

तुम्हाला आजवर अहो-जाहोच केले. वयाने मोठी आहे, म्हणून आता एकदा अरे-तुरे करते. तुझ्याविरुद्ध मी जे लिहिले ते मला अजूनही खरे वाटते. त्यावर माझ्याकडे दुसरे उत्तर नाही, हा पैसा तेवढा आहे. औषध घे रे, आणि मला हरव.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला आणि तो बरोबर आहे.

सही: लिहून ठेवणारी, निवृत्त वजनमाप निरीक्षक

साक्षीदार १: सही, कुटुंबाचे डॉक्टर. लिहून ठेवणारीने माझ्यासमोर सही केली. सही करताना ती पूर्ण शुद्धीवर होती. मला तिने दोनदा दुरुस्त केले.

साक्षीदार २: सही, तळमजल्यावरील शिंपी. सही माझ्यादेखत झाली. आत काय लिहिले आहे ते मला माहीत नाही. सही झाल्यावर बाई थोडा वेळ रडल्या.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: १७ नोव्हेंबर