जोसेफचं आमेन

रविवार, संध्याकाळ. अड्यार, चेन्नई

उद्या जोसेफच्या हृदयाचं ऑपरेशन. दुपारी त्याच्या कॅथलिक चर्चचे फादर घरी येऊन त्याला ख्रिस्तप्रसाद देऊन गेले. मी शेजारीच होते, पण प्रॉटेस्टंट, म्हणून मला नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत टोचलं नव्हतं, आजच का? कब्रस्तानंही वेगळी आमची. स्वर्गातलं वतन तरी एकच ना?

मग रोजच्यासारखी प्रभूची प्रार्थना. तो तमिळमधून, मी मराठीतून. आम्हा प्रॉटेस्टंटांत शेवटी देवाच्या राज्याची एक ओळ जास्त असते. "तुझी ओळ होऊ दे," म्हणून तो आमेनसाठी थांबतो. आज माझी ओळ संपली, त्याचं आमेन आलंच नाही. घाबरून नाकाशी बोट धरलं. झोप लागली होती.

जोसेफ, पुढे गेलासच, तर तिथेही माझी ओळ होईपर्यंत थांब.