ओळ संपली की तुकडा

मलकापूर, ता. कराड
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीपा,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटं करून बघशील, नाव खरंच माझं आहे का म्हणून. माझंच आहे. फोन करता आला असता. पण "दादा, जाऊ दे ते" म्हणून तू विषय बदलला असतास, आणि मी तेवढ्यावर सुटलो असतो. कागद मधेच अडवत नाही, म्हणून कागद घेतला.

महाबळेश्वरात हॉटेलच्या काउंटरवर बसतेस असं कळतं. इकडं आपलं भाषांतराचं ऑफिस अजून त्याच टायरच्या दुकानावर आहे. खालून हवा भरायचा आवाज आला की नवीन पोरं दचकतात. सगळा कारभार आता शिवांजली बघते. माझी लेक म्हणून सांगत नाही, पण पोरगी खमकी आहे. भाषांतर आता अर्धंअधिक यंत्रच करतं आणि आम्ही मागून झाडू मारतो. मात्र मजकूर कुठं तोडायचा, ते अजून तुझ्याच नियमांवर चालतं. सगळे त्याला 'दीपाताईची फाईल' म्हणतात, ज्यांनी तुला पाहिलंही नाही तेसुद्धा.

आठवतं, ती फाईल कशी सुरू झाली? सॉफ्टवेअर नवं होतं. टिंब दिसलं की वाक्य संपलं असं समजून ते मजकुराचा तुकडा पाडायचं आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या चौकटीत टाकायचं. कारखान्याच्या अहवालात 'कै.' एका चौकटीत आणि 'आकाराम पाटील' दुसऱ्या चौकटीत आले. तू म्हणालीस, "दादा, मेलेला माणूस खालच्या ओळीत जित्ता झाला की वं!" सगळं ऑफिस हसलं. मग तू एकेक नियम लिहायला बसलीस. कै. नंतर तोडू नको, डॉ. नंतर तोडू नको, ता. आणि जि. नंतर तर मुळीच नको. मी विट्याला टायपिंग शिकलेला माणूस, त्याआधी बापामागं जतच्या माळावर मेंढरं राखलेली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझे फक्त कान तयार होते. घंटीच्या आवाजावरून कुठलं मेंढरू मागं राहिलं ते मला कळायचं. म्हणून आपण रीत ठेवली होती, काम पाठवायच्या आधी तू ते मोठ्यानं वाचायचंस आणि मी डोळे मिटून ऐकायचं. कागदावर न दिसलेली चूक कानाला टोचायचीच.

अकरा मार्च दोन हजार एकोणीसला वाचायला कुणी नव्हतं.

तुझी आई, राहीबाई, पहाटे गेल्याचा फोन आला आणि सगळं ऑफिस जीपनं कडेगावला मातीला निघालं. औषध कंपनीचं एक पत्रक दुपारपर्यंत हवं होतं, म्हणून मी एकटा मागं थांबलो. मेंढरांच्या गोचिडाचं औषध, पाण्यात मिसळून अंगाला लावायचं. अर्ध्या तासात उरकतो आणि मोटारसायकलनं गाठतो, असा माझा हिशोब होता. तुझ्याच मशीनवर बसलो, कारण ते चालू होतं आणि तुझ्याच नावानं उघडलेलं होतं. तुला आठवत असेल, आदल्या दिवशी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या यादीसाठी तू एक नियम घातला होतास: ओळ संपली की तुकडा संपला. यादीला तो ठीक. एरवी तो वापरायचा नाही, असं तू मला दहादा बजावलं होतंस. "ओळ संपली म्हंजी बोलणं संपतं व्हय, दादा?" हे तुझंच वाक्य.

पण मला अक्कल सुचली. तो नियम लावला की त्या कंपनीच्या जुन्या पत्रकातल्या, आधी भाषांतर झालेल्या ओळी आपोआप जुळायच्या आणि निम्मं काम बसल्या जागी व्हायचं. झालंही. वीस मिनिटांत पाठवून दिलं, न वाचता, न ऐकता. तरी कडेगावला पोचलो तेव्हा चिता अर्धी जळाली होती. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस आणि म्हणालीस, "काम ठिवून आला न्हवं?" मी हो म्हणून मान हलवली.

पुढचं तुला माहीत आहे, पण जे माहीत आहे ते खरं नाही, म्हणून पुन्हा लिहितो. इंग्रजीत अट मागून आली होती: एका बादलीत दोन टोपणं औषध मिसळा, आणि पुढच्या ओळीत, लोकर पुन्हा वाढलेली असेल तरच. त्याच्या पुढं, जनावरं सावलीत बांधा. तीन ओळी, तीन चौकटी, तशाच छापल्या. पावसाआधीच्या कातरणीनंतर जतच्या पुढं सिद्धू आणि हरणाबाई या धनगर नवरा-बायकोची सदतीस मेंढरं एका दिवसात गेली. कंपनीनं विचारलं, नियम कुणी बदलला? फाईलवर नाव तुझं होतं. आणि तू, आईच्या दुःखात, स्वतःच म्हणालीस की यादीचा नियम काढायचा माझ्याकडूनच राहिला असंल, गडबडीत.

तुझ्याकडून राहिला नव्हता, दीपा. संध्याकाळी घरी जाताना तू तो काढून गेली होतीस. दुसऱ्या दिवशी मी परत लावला.

मी कंपनीला काय सांगितलं ठाऊक आहे? "पोरीच्या घरात मयत झालेलं, तिला बोल लावू नका." सगळे म्हणाले, मालक असावा तर असा. तू माझ्या पाया पडलीस आणि दुसऱ्या महिन्यात नोकरी सोडलीस. मी तुला थांबवलं नाही.

गेल्या महिन्यात शिवांजली जुन्या फाईली नव्या मशीनवर घेत होती. नियमापुढं नावाबरोबर तारीख आणि वेळही असते. तेव्हा नाव बघून सगळे थांबले होते, पुढं कुणी वाचलंच नव्हतं. तिनं वाचलं. अकरा मार्च, सकाळी अकरा चाळीस. ती म्हणाली, "अप्पा, त्या वेळेला आम्ही सगळे दीपाताईच्या आईला खांदा द्यायला होतो. मागं तुम्ही एकटेच होता." त्या दिवसापासून ती मला कामापुरतं बोलते. जेवायला वाढते, पण समोर बसत नाही.

मग मी जतला गेलो. सिद्धू त्यानंतर मेंढरामागं गेलाच नाही, मिरजेला वॉचमन आहे. हरणाबाई भेटली. तिला वाचता येत नाही, पण नवऱ्यानं त्या दिवशी वाचून दाखवलेलं पत्रक तिला तोंडपाठ आहे. तिनं म्हणून दाखवलं: "दोन टोपणं वशद मिसळावं." मग थांबली. मग एका दमात, "लोकर वाढल्याली आसंल तरच जनावरं सावलीला बांधावी." मी सहा वर्षं ती चूक कागदावर बघत आलो होतो, ऐकली पहिल्यांदाच. तिच्या नुकत्याच कातरलेल्या मेंढरांना, उघड्या कातडीला न सोसणारी दोन टोपणं मिळाली, आणि लोकर नव्हती म्हणून ती उन्हात बांधली गेली. जन्म माळावर काढलेल्या मला हे एकदा नुसतं कानावर पडलं असतं, तरी मी ताडकन उठलो असतो.

मी सगळं सांगितलं. ती दावणीकडं हात करून म्हणाली, "दर कातरणीला एक पोरगी येती, म्हाबळेश्वरास्नं. एक कोकरू देती, रडती आन् जाती. चाऽ बी घेत न्हाई. माजं ऱ्हाऊ दे रं बाबा. तिला सांगितलंस का?"

न्हाई, म्हणालो. म्हणून हे पत्र. सोबत कंपनीला लिहिलेल्या माझ्या कबुलीच्या पत्राची नक्कल आहे, सहीनिशी. ज्याला दाखवायची त्याला दाखव. हे पत्र मी आता मोठ्यानं वाचून बघितलं, कारण वाचणारं दुसरं कुणी नाही. या महिन्याअखेर हरणाबाईकडं कातरण आहे आणि तू जाणार, हे मला कळलंय. जा. पण या खेपेला कोकरू नेऊ नकोस. ते पहिल्यापासून माझ्याकडं लागत होतं, यंदापासून मी नेईन. तू नुसती जा, तिच्या दारात बस, आणि चहा घेऊन ये.

तुला पाठीशी घातलं म्हणून चार माणसांत चांगला म्हणवून घेतलेला,
तुझाच,
नाथादादा