हाचिओजीतला लहरीचोर

६ जून
अमेरिकेतून परतलो. तिथल्या दूरसंचार अधिवेशनात माझ्या योजनेवर कुणी एकही शंका काढली नाही, म्हणजे सगळ्यांना पटली. एका मोबाइल टॉवरचा रिकामा स्पेक्ट्रम, म्हणजे न वापरलेल्या लहरी, शेजारच्या गर्दीच्या टॉवरने वापरायचा, बस्स. चाचणी मुद्दाम हाचिओजी शहरात, आमचे विभागप्रमुख नागामिनेसाहेब यांच्या घराभोवती. जमली की उपविभागप्रमुख मीच.

प्रवासभेट म्हणून विभागाला बिस्किटं. साहेबांना तिथला बिनतारी घरगुती फोन, चार हँडसेटचा. हाताखालच्या कुझुमीने खोका उलटापालटा करून विचारलं, हा आपल्याकडे चालतो ना? जळतो मेला.

९ जून
चाचणी सुरू. कॉल तुटतायत. आमच्या लहरींत कुणीतरी घुसतंय. प्रतिस्पर्धी कंपनी, दुसरं कोण?

११ जून
कंपनी नव्हे, कुझुमी! गडबड दुपारी होते आणि दुपारीच तो जेवायला बाहेर जातो. शिवाय माझ्याजवळ येतो, काहीतरी बोलायला बघतो आणि नुसता चहा ठेवून जातो. मनात पाप असल्याशिवाय कोण चहा आणतं? आजपासून त्याचा चहा बंद.

संध्याकाळी
प्यालो. नाहीतर त्याला संशय आला असता.

१६ जून
शोधगाडीत कुझुमीला शेजारी बसवलं, नजरेसमोर असावा म्हणून. तरी गडबड चालूच. म्हणजे साथीदार आहे! अँटेना फिरवत गेलो, एका घरासमोर सिग्नल सर्वांत जोरात. पाटी: नागामिने. साहेबही सामील? कुझुमी मला म्हणाला, सर, बेल नका वाजवू, इथूनच परत जाऊ. म्हणून तर वाजवली.

दारात साहेबांच्या पत्नी, कानाला मी दिलेला अमेरिकन फोन. त्याच्या लहरी आणि आमच्या टॉवरच्या लहरी एकच! म्हणाल्या, तुम्ही एवढ्या प्रेमाने आणलात, न वापरणं बरं दिसलं नसतं, म्हणून रोज दुपारी ओसाकाच्या बहिणीशी बोलते. खाली वाकून आभार मानले. मी आणखी खाली वाकलो. दिलेली भेट परत कशी मागणार?

अहवालात लिहिलं: कारण अज्ञात.

२० जून
लहरी स्वच्छ. चाचणी यशस्वी. कुझुमी परस्पर साहेबांना भेटून तो फोन बंद करवून आला म्हणे. पुढची जबाबदारी त्याच्याकडे.

साहेबांकडून परतभेट: लाकडी पेटीत एक खरबूज. सोबत बदलीचा हुकूम, पार उत्तरेला वाक्कानाईला. तिथे स्पेक्ट्रम भरपूर रिकामा आहे, असं साहेब म्हणाले. माझ्या योजनेवरचा विश्वासच म्हणायचा.

कुझुमीने निरोपाला बिस्किटं दिली. मी खोका उलटापालटा करून पाहिला. नुसती बिस्किटंच होती.