उजवा दाणा, डावा दाणा

भीमपूर, ऑक्टोबर १९५६

प्रिय आशा,

अक्षर पाहून दचकू नकोस, पत्र माझंच आहे. दर वेळी धोंडीबा उपदेशक लिहून देतात, या वेळी मीच त्यांना नको म्हणालो. निजामाच्या शाळेत मी उर्दू गिरवली, मराठी लिहायला बाप्तिस्म्यानंतर त्यांनीच शिकवलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाला हसायचं तर खुशाल हस. तुझं पत्र येऊन महिना झाला. दवाखाना तुला पक्की नोकरी देतो आहे; नदीपलीकडे तिथेच राहू, की गावी येऊन इथल्या बायकांची बाळंतपणं करू, बाबा, तुम्ही सांगाल तसं करीन, असं तू लिहिलंस. त्या शेवटच्या वाक्याने माझा घास तोंडातच फिरतो आहे.

इथे सगळाच गोंधळ आहे. पुढच्या महिन्यापासून नवी राज्यं. कोणी म्हणतं गाव आंध्रात गेलं, कोणी म्हणतं मुंबईत. तहसिलीतला जुना पेशकार उर्दूत एक सांगतो, नवा कारकून तेलुगूत दुसरंच. परवा नागोराव पाटील चार माणसं घेऊन दारात आले. "चंपत, एक डाव कौल लाव न बाप्पा. गाव कोनाकडं जाते ते तरी समजंन. लोकं कसे घाबरून राह्यले, दिसून नाई राह्यलं का तुले?" मी म्हणालो, पाटील, मी आता ख्रिस्ती आहे, ते सोडून सहा वर्षं झाली. तर म्हणतात, "मंग काय हात बी बाटले का तुये?" सगळे हसले. मीही हसलो, पण हात मागे लपवले. खरं सांगतो, त्या हातांचा मला भरवसा नव्हता.

तुला आठवत असेल. पोचम्मादेवीच्या तांदळ्यावर, त्या शेंदूर फासलेल्या गोल दगडावर, मी ज्वारीचे दोन ओले दाणे चिकटवायचो, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. तुझ्या आजोबांपासूनचं आमचं काम. सारं गाव लग्न, पेरणी, बैलाची खरेदी माझ्या दोन दाण्यांवर ठरवायचं, आणि मला त्याची केवढी ऐट होती! बाप्तिस्मा झाला, वाटलं सुटलो. कुठला सुटतोय? म्हैस विकू की ठेवू, वरच्या वावरात कापूस लावू की ज्वारी, काहीही अडलं की अंगठा आणि बोट आपोआप जवळ येतात. दारू सोडणारा गुत्त्याचा रस्ता तरी टाळू शकतो. माझी कणगीच ज्वारीने भरलेली, मी जाऊ कुठे?

तुझ्या पत्रानंतर तर मी फारच घसरलो. पोचम्माकडे गेलो नाही, एवढी लाज राखली. पण गेल्या रविवारी प्रभूच्या देवळात एकटाच होतो, समोर पवित्र शास्त्राचं पुस्तक. देवाचंच पुस्तक, यात पाप कसलं, अशी मनाची समजूत घातली. डोळे मिटले, तुझं नाव घेतलं. बोट उजव्या पानावर पडलं तर तू यायचं, डाव्यावर पडलं तर तिथेच राहायचं. पडलं डाव्यावर. म्हटलं, घसरलं असेल. दुसऱ्यांदा उजव्यावर. तिसऱ्यांदा बरोबर मधल्या शिवणीत! पोचम्माला मी निदान एकदाच विचारायचो. डोळे उघडले तर धोंडीबा दारात उभे. रागावले नाहीत, शेजारी येऊन बसले. म्हणाले, मोह एकदा हाकलला म्हणून जात नाही, मी तंबाखूला बारा वर्षं रोज हाकलतो आहे. मग आम्ही प्रार्थना केली. प्रार्थनेतही मी उत्तराची खूण शोधत होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता जे सांगायचं ते. पोलीस ॲक्शनच्या साली तुझी आई बाळंतपणात अडली, तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, मावशीकडे होतीस. रस्ते बंद होते म्हणून कौशल्याला आदिलाबादच्या दवाखान्यात नेता आलं नाही, असं मी तुला सांगत आलो. रस्ते उघडे होते, आशा. सकाळी मी बैल जुंपले होते, गाडीत कडबा पसरून वर गोधडी घातली होती. ती गाडीत बसायला उठलीसुद्धा होती. मी म्हणालो, जरा थांब, विचारून येतो. डावा दाणा पडला. मी बैल सोडले. दुपार व्हायच्या आत ती गेली, बाळही गेलं. जिने तुझी आई नेली त्याच गोष्टीकडे माझा हात अजून का जातो, हे मला समजत नाही. प्रभूने मला क्षमा केली असं धोंडीबा म्हणतात. त्यांना तरी मी सगळं कुठे सांगितलंय?

तू या कामाला लागलीस ती आईमुळे, म्हणून हे तुला कळल्याशिवाय तू काही ठरवू नयेस. मला विचारशील तर तू यावीस असंच वाटतं, घर फार रिकामं आहे. पण ही एका म्हाताऱ्याची इच्छा आहे, देवाची आज्ञा नाही, तेव्हा तेवढंच तिला वजन दे. हे वाचून तुला माझं तोंड पाहू नये असं वाटलं, तर तेही मी सोसेन. पत्र कोणाच्या हाती द्यायचं नाही, आदिलाबादच्या टपालात स्वतः टाकायचं, असं ठरवलं आहे. बैल जुंपून दारात उभे आहेत. निघू की नको, हे मी कोणालाही विचारलेलं नाही.

तुझाच,
बाबा