चौदा बाटल्यांचं पथ्य

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्षात कंबर धरली आहे, त्यामुळे खुर्चीतूनच केला. तुझे गुडघे, भावजींचं बीपी आणि तुमच्या इमारतीतलं पाण्यावरून चाललेलं भांडण, तिन्ही आहेत तिथेच असावीत अशी आशा करतो. पुढे सरकली असतील तर ती नक्कीच वाईट बातमी असेल. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आता खरं लिहितो.

तुझं तिसरं पार्सल पोचलं तेव्हा बाटल्या मोजल्या, त्या चौदा भरल्या. डी-तीन, बी-बारा, ई, माशाचं तेल, मॅग्नेशियम, आणि ते क्यू-टेन, जे मला अजूनही बसच्या नंबरासारखं वाटतं. शिवाय प्रथिनांच्या भुकटीचा डबा, ज्यावर एक उघडा माणूस दंड फुगवून उभा आहे. (बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. काही बोलले नाहीत. म्हणजे बोलले असतील, पण त्याबद्दल पुढे.) सोबत तुझी कात्रणं आणि तू स्वतः आखलेला तक्ता. तू तीस वर्षं भूगोल शिकवलास हे त्या तक्त्यावरून आंधळाही सांगेल: सकाळ निळी, दुपार हिरवी, आणि प्रथिनं जिथेतिथे पर्वतरांगांसारखी तपकिरी. तो आम्ही फ्रिजवर लावला. त्या दिवसापासून आमच्या घरात जेवण शिजत नाही, तक्ता शिजतो.

बाबांचा आजार तुला माहीत आहेच. (पार्किन्सन म्हटलं की शेजाऱ्यांना काहीतरी मोठ्या लोकांचं दुखणं वाटतं, कंपवात म्हटलं की तेल चोळून जाईल असं वाटतं. दोन्ही शब्द वापरून पाहिले. सल्ले सारखेच येतात.) पण तुझ्या तक्त्यात एक गोष्ट नव्हती, कारण ती फोनवरून दिसत नाही. बाबा रोज सकाळी दहा ते अकरा दुकानात बसायचे. चष्म्याचं दुकान मी चालवतो असं पाटी म्हणते, पण तो एक तास त्यांचा. डॉक्टरांच्या गोळीनं त्या तासाला हात शांत असायचे. टेबलावर पांढरं फडकं अंथरायचं, भिंग डोळ्याला लावायचं आणि तिळाएवढा स्क्रू चष्म्याच्या काडीत बसवायचा. दिवसाला तीन किंवा चार. बाकीचे तेवीस तास ते बटण लावून घेणारे, घास भरवून घेणारे, खुर्चीतून उठायला हात मागणारे म्हातारे होते. दहा ते अकरा ते कारागीर होते. मेंदू वाचवायचा, मेंदू वाचवायचा असं तू लिहितेस. त्यांना वाचवायचा होता तो हा तास.

तर तक्ता सुरू झाला. सकाळी आठला नाश्ता: मोठा पेला दूध, त्यात भुकटी, त्यात वाटलेले बदाम, वर दोन उकडलेली अंडी, आणि मग गोळ्यांची पंगत. डॉक्टरांची गोळी आधी सातला असायची, बाबा स्वतःच पाण्याबरोबर घ्यायचे. पण तुझी भावजय म्हणाली, एवढ्या गोळ्या वेगवेगळ्या वेळी देत बसले तर मला दुसरा जन्म लागेल, आणि शिवाय रिकाम्या पोटी गोळी घेतातच कशी? हा आपल्या आईचा कायदा. आई जाऊन नऊ वर्षं झाली, पण रिकाम्या पोटी गोळी घ्यायची नाही हे कलम या घरात अजून कुणी रद्द केलेलं नाही. तेव्हा तीही गोळी आठच्या पंगतीत बसवली. आम्हाला फार बरं वाटलं. काहीतरी करतोय असं वाटणं हे या आजारात नातेवाइकांचं मुख्य औषध आहे, आणि ते आम्ही भरपेट घेतलं.

पाचव्या दिवशी बाबांच्या हातून स्क्रू पडला. स्क्रू पडतातच, त्यासाठी दोरीला बांधलेला लोहचुंबक आहे. पण सहाव्या दिवशी तीन पडले, आणि आठव्या दिवशी बँकेतल्या हेडक्लार्कच्या चष्म्याची काच टवका उडून गेली. हेडक्लार्क भला माणूस. म्हणाला, असू दे, तसंही ऑफिसात बघण्यासारखं काही नाही. बाबांनी भिंग काढून ठेवलं आणि तासातली पंचवीस मिनिटं शिल्लक असताना घरी चला म्हणून खूण केली. दुकानाच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटले. मी मागून, हेडक्लार्क पुढून, असे आम्ही तिघं त्या दारात इतका वेळ उभे होतो की एका बाईंना रांग आहे असं वाटून त्या मागे येऊन थांबल्या.

आजार वाढला, असं आम्ही ठरवलं. तुला फोन केला, स्पीकरवर. तू म्हणालीस प्रथिनं वाढवा. वरच्या मजल्यावरचे पथ्यवाले काका (हे स्वतः काही खात नाहीत, इतरांनी काय खावं यावर जगतात) म्हणाले, मीही तेच म्हणणार होतो. मग एका पेल्याचे दोन झाले, दोन अंड्यांची तीन झाली, दुपारी पनीर आलं. मिक्सर सकाळी सातला सुरू व्हायचा तो साडेआठपर्यंत घरघरत राहायचा. आणि बाबा दिवसेंदिवस असे ताठत गेले की त्यांना अंगरखा घालणं म्हणजे कपाटाला घालणं. दुकानात यायचे थांबले. अकरा दिवस आले नाहीत. बाराव्या दिवशी मी त्यांचं टेबल माळ्यावर टाकलं आणि त्या जागी गॉगलचं फिरतं स्टँड लावलं. हे तुला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मीच सांगतो. मनाशी म्हटलं की जागा अडते. जागा अडत नव्हती. ते रिकामं टेबल माझ्याकडे बघत बसायचं, एवढंच.

मग डॉक्टरांची तारीख आली. चौदाही बाटल्या पिशवीत घालून नेल्या, शाबासकी मिळेल या अपेक्षेनं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलणं हेडमास्तरीणबाईंचं. त्यांनी एकेक बाटली वाचून टेबलावर मांडली आणि एवढंच विचारलं, की माझी गोळी कधी आणि कशाबरोबर देता? तुझ्या भावजयीनं अभिमानानं सगळा नाश्ता सांगितला, बदाम किती तास भिजवलेले तेही. बाईंनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, ही गोळी आणि प्रथिनं आतड्यातून एकाच दारानं आत जातात. तुम्ही त्या दाराशी रोज सकाळी मोर्चा नेऊन उभा करता, आणि मग गोळी आत पोचत नाही म्हणून मोर्चा वाढवता. गोळी जेवणाआधी, पाण्याबरोबर. दूध-अंडी रात्रीच्या जेवणात. हे मी पहिल्याच दिवशी आजोबांना सांगितलं होतं.

आम्ही बाबांकडे वळलो. (आजारात आवाजही बारीक होतो, ताई. तुला फोनवर वाटतं ते गप्प आहेत. ते बोलत असतात.) त्यांचे ओठ हलले. मला काही कळलं नाही, तुझ्या भावजयीला कळलं नाही. डॉक्टरीणबाई उठून त्यांच्या तोंडाशी कान नेऊन उभ्या राहिल्या, नीट ऐकून घेतलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "ते म्हणतात, मी रोज सांगत होतो. मिक्सर चालू असतो."

तुझी भावजय घरी आल्या आल्या मिक्सर ओट्याखाली ठेवायला गेली आणि बराच वेळ तिथेच पाठमोरी उभी राहिली. तिचा काही दोष नाही. माझा आहे, आणि थोडा तुझा, आणि ज्या आईला आता काही बोलता येत नाही तिचा.

आता सातला गोळी, साध्या पाण्याबरोबर. आठला हलका नाश्ता, ज्यात तपकिरी काही नाही. पाचव्या दिवशी बाबांनी स्वतःची दोन बटणं लावली. दहाव्या दिवशी खूण केली, दुकान. गेलो. त्यांनी गॉगलचं स्टँड पाहिलं, हातानं एकदा फिरवलं आणि गल्ल्याजवळच्या कोपऱ्यात बसून एक स्क्रू लावला. टेबल मी दुसऱ्या दिवशी खाली आणलं. धूळ पुसताना तोंड लपवायला बरं पडलं. पण तास पुरा तासाचा राहिलेला नाही, चाळीस मिनिटांचा आहे. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, उरलेली वीस? त्या म्हणाल्या, तुमची चूक परत घेता आली, आजार परत घेता येत नाही. रक्तात बी-बारा कमी निघालं, ते द्या, डी-तीन द्या. बाकी बारा बाटल्यांनी मेंदू वाचतो असं अजून कुणाला दाखवता आलेलं नाही. मी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, त्याच शब्दांत.

असो. भावजींना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. तेव्हा यापुढे पार्सल पाठवू नकोस. तू माया पाठवतेस हे कळतं, पण तिच्यावर डोस लिहिलेला नसतो.

दुसरा ता. क. पाठवायचंच असेल तर फोन पाठव. सव्वादहाला, दुकानात, तेव्हा आवाज त्यातल्या त्यात मोठा असतो. आणि फोन लागला की तू बोलू नकोस. ते सुरू करायला वेळ घेतात. तेवढ्यात तू पथ्य सांगून मोकळी होतेस. घड्याळ लावून तीन मिनिटं गप्प बस. तुला जमणार नाही हे माहीत आहे, तरी विनंती.

तिसरा ता. क. हे पान वाचून झालं की फाडून टाक. दोन महिन्यांपासून माझ्या हातून स्क्रू पडतो आहे. डाव्या हाताचा अंगठा हलतो, तोही मी काही करत नसताना. कुणाला बोललो नाही. डॉक्टरीणबाईंकडे जायला हवं हे मलाही कळतं. पुढच्या महिन्यात जाईन. त्या बारा बाटल्यांतल्या उरलेल्या गोळ्या काल संपल्या. त्या बाबांनी घेतल्या नाहीत. वर चार पानं काय लिहिलंय ते माझ्या लक्षात आहे. पुढचं पार्सल दुकानाच्या पत्त्यावर पाठव, माझ्या नावानं, आणि क्यू-टेन दोन टाक.